नत्थुजीनं न पाहिलेलं वावर

वलगावच्या नत्थुजीचं नाव छापून यायचं. पिकवणारा म्हणून नाही, पाहणारा म्हणून. आता पाहण्यात कसलं आलंय नाव, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दिवसांत वऱ्हाडात जो उठला तो कापसाच्या गोष्टी सांगत सुटला होता, आणि त्यातल्या निम्म्या शुद्ध बाता होत्या. तिकडं अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि इथं आमच्या काळ्या मातीतल्या रुईला असा भाव आला की लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कपाशीची पऱ्हाटी लावली. कोणी म्हणे सरकी गोमूत्रात भिजवून पेरा, कोणी म्हणे तासातलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर दुप्पट ठेवा. एकाचं ऐकावं तर दुसरा दात काढायचा. शेतकऱ्यानं विश्वास ठेवावा तरी कोणावर?

अमरावतीच्या शाळेत केशवराव म्हणून एक मास्तर होते. देशावरून आलेले, अंगानं काटकुळे, बोलायला लागले की समोरच्याला जांभई आली तरी थांबायचे नाहीत. त्यांनी शेतीच्या अनुभवांचं एक मासिक काढलं. मजकूर अमरावतीत गोळा करायचा आणि बैलगाडीनं अकोल्याच्या दगडी छापखान्यात नेऊन छापायचा. मास्तरांचा नियम एकच, पण खमका. ज्यानं पिकवलं त्यानं सांगावं. मात्र दुसऱ्या गावच्या जाणत्या शेतकऱ्यानं त्या वावरात पाय ठेवून पीक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. सांगणाऱ्याचं नाव वर, पाहणाऱ्याचं खाली.

या कामाला त्यांना नत्थुजी सापडला. माणूस महा चिकट. एका बड्या पाटलानं कळवलं, आपल्या वावरात तणाची काडी नाही. नत्थुजी गेला, धुऱ्यावरून, बांधावरून न पाहता थेट मधोमध जाऊन उकिडवा बसला, आणि धोतराचा सोगा भरून तण उपटून पाटलाच्या ओट्यावर आणून ठेवलं. वर म्हणाला, "पाटीलजी, हे तुमचं नाई तं कोनाचं व्हय?" तो अनुभव काही छापला गेला नाही. पाटील पुढं वर्षभर नत्थुजीच्या नावानं बोटं मोडत होता, पण लोकांना गोष्ट भारी आवडली. नत्थुजीला लिहिता येत नव्हतं. तो कागदावर नांगराची निशाणी काढायचा. खाली नांगर दिसला की गावोगावचे लोक म्हणायचे, चला, नत्थुजीनं पाहिलंय, मग पेरायला हरकत नाही.

अशा माणसाच्या हातून काय व्हावं?

त्याची लेक सुभद्रा दर्यापूरकडं दिली होती, सूर्यभान पाटलाच्या घरात, त्याच्या चंद्रभान नावाच्या मुलाला. घर तालेवार, जमीन काळीभोर. सूर्यभान पाटील तसा वाईट नव्हता हो, पण त्याला नावाची हाव. विलायती सरकी पेरून दाखवणाऱ्याला साहेब भर कचेरीत फेटा बांधणार, अशी बातमी उठली आणि पाटलाची झोप उडाली. त्यानं सरकी मिळवली, पेरली, आणि कापूस फुटायच्या दिवसांत केशवरावांकडं अनुभव धाडला. नदीपल्याडच्या काळ्या वावरात विलायती सरकी लावली, बोंडं देशी बोंडाच्या दुप्पट, पीकही दुप्पट, सर्वांनी खुशाल पेरावी.

मास्तरांनी पाहणीला नत्थुजीलाच धाडलं. तो पाटलाचा इवाई, म्हणजे व्याही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं, व्याही असला तरी नत्थुजी तो नत्थुजी. शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? मुलीचा बाप मुलीच्या सासरी गेला की तो नत्थुजी राहतो का? तो नुसता मुलीचा बाप असतो. परक्या पाटलाच्या ओट्यावर तो तण आणून ठेवू शकतो, व्याह्याच्या ओट्यावर त्याला मान वर करून बसतासुद्धा येत नाही.

आणि आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, पाणीही घेत नाही. सुभद्राची कूस अजून उजवली नव्हती. नत्थुजी सकाळपासून चालून आलेला, ओट्यावर टेकला, घसा कोरडाठाक. सूर्यभान पाटलानं मोठ्या मानानं घोंगडी अंथरली, आणि सूपभर बोंडं आणून समोर ठेवली. बोंडं खरंच मोठी, पांढरीशुभ्र, हातात घेतली तर मूठ मिटेना. नत्थुजीनं एक उकलून पाहिलं, धागा ओढून पाहिला. विलायतीच होता, शंकाच नव्हती.

"चाला मंग वावरात," नत्थुजी म्हणाला.

"इवाईबुवा, वावर नदीपल्याड हाये," पाटील म्हणाला. "गाड्या कापूस घेऊन अमरावतीले गेल्या. पायी जा लागते. आमच्या घरचं पानी तुमी पेत नाई, उपाशी तोंडानं कोठी हिंडवू तुमाले? लोक मले काय म्हनतीन?"

"जातो जी मी. मले सवय हाये."

पाटील हसला. मग हळूच म्हणाला, "की आमच्या शब्दावर भरोसा नाई तुमचा?"

झालं. आतल्या दारात सुभद्राच्या बांगड्या वाजल्या. ती डोक्यावर पदर घेऊन सासूच्या मागं उभी होती. नत्थुजीनं तिकडं एकदा पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, मी आता वावर पाहायचा हट्ट धरला तर संध्याकाळी या पोरीला काय काय ऐकावं लागेल. लेकीच्या बापानं इवायाला खोटं पाडलं म्हणतील. त्यानं कागद मागितला आणि नांगराची निशाणी काढली. आजवर त्या निशाणीनं कोणाला फसवलं नव्हतं. परत येताना नदीवर तो पोटभर पाणी प्याला, वावर पलीकडंच कुठंतरी होतं, आणि त्यानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. बोंडं तर पाहिली ना, असं स्वतःला समजावत घरी आला.

अनुभव छापून आला. चावडीवर पटवाऱ्यानं तो वाचला तेव्हा गर्दी अशी की लिंबाच्या पारावर लोक चढून बसले. खाली नांगर पाहिला आणि सगळ्यांचं ठरलं. नत्थुजीचा शेजारी पुंजाराम तर उतावीळच. त्यानं कुठून कुठून विलायती सरकी आणली आणि घरची जपलेली देशी सरकी म्हशींना आंबोणात घालायला सुरुवात केली. "येंदा सारं विलायती," म्हणून छाती काढून हिंडत होता. म्हशी मात्र तब्येतीनं खात होत्या.

वैशाखात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुभद्रा माहेरी आली. तिची आई मनकर्णाबाई लेकीला काय वाढू आणि काय नको करत होती. नत्थुजी पाटावर बसला होता, आंब्याच्या रसात पोळी बुडवत होता, आणि मोठ्या खुशीत लेकीला सांगत होता, तुझ्या सासऱ्याचं नाव सगळ्या वऱ्हाडात झालं, यंदा अर्धं वलगाव विलायती पेरणार.

सुभद्रा वाढता वाढता थांबली. "काहून?" ती म्हणाली.

"काहून म्हंजे? तुमच्या नदीपल्याडच्या वावरात दुप्पट पीक आलं म्हून."

"बाबा, नदीपल्याडच्या वावरात तं हरभरा होता."

नत्थुजीला वाटलं पोरगी चुकली. ती दुसऱ्याच वावराचं बोलून राहिली असेल. "कापूस निघाल्यावर हरभरा, व्हय ना?"

"कापूस निघालाच कोठी? विलायती पऱ्हाटी सावनात सारी सडली. पानी साचलं, मुळं काळी पडली, हात लावला का झाड हातात. मामाजीनं वखर फिरवला अन् हरभरा पेरला. मी स्वतः गेलती घाटे तोडाले."

"मंग ती बोंडं?"

"ती परसातली." सुभद्राचा चेहरा आता पांढरा पडत चालला होता, तिलाही आत्ता कुठं उमगायला लागलं होतं. "परसात वांग्याच्या वाफ्यापाशी चार-दोन झाडं लावली होती. आमच्या हिरीचं पानी खारं, त्यानं झाडं जळतीन म्हून मी नदीचं पानी आनून घालत होती, रोज. शेनखत घालत होती. मामाजी म्हने साहेबाले दाखवाची हायेत. बाबा, तुमी तवा नदीवरून जाताना वावरात गेलते ना? मले तं वाटलं तुमी पाहून आले."

नत्थुजीच्या हातातला घास हातातच राहिला.  त्याच्या पायाखालची जमीन सरकली म्हणावं तर तो बसलेला होता, पण झालं तेच. ज्या झाडांवर त्यानं सगळ्या मुलखाला पेरायला सांगितलं, ती झाडं त्याच्या लेकीनं घागरी वाहून जगवली होती. पाटलानं खोटं बोंड दाखवलं नव्हतं. बोंड खरं होतं. वावर खोटं होतं. आणि वावर पाहणं हेच तर नत्थुजीचं काम.  मनकर्णाबाई घाबरून म्हणाली, "काय झालं वो? पानी प्या." त्यानं तांब्या बाजूला सारला.

तसाच उठला आणि अमरावती गाठली. केशवराव मास्तर शाळेच्या ओसरीत मुलांना ओरडत होते. नत्थुजी समोर जाऊन उभा राहिला.

"मास्तर, मीनं ते वावर पाह्यलं नाई."

मास्तर आधी हसले. "कुठलं वावर?" म्हणाले. नत्थुजीनं सगळं सांगितलं, फक्त कळलं कोणाकडून ते सांगितलं नाही. ऐकता ऐकता मास्तरांचा चेहरा उतरत गेला.

"नत्थुजी, अहो, तुम्ही? दुसरा कोणी असं म्हणाला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं."   मग म्हणाले, "आता छापून गेलेलं मागं घ्यायचं म्हणजे मासिकाची अब्रू जाते. पुन्हा कोण विश्वास ठेवील? पुढच्या अंकात नुसतं लिहू, की पावसाचा भरवसा नाही, जपून पेरा."

नत्थुजीला हा दुसरा धक्का. या माणसाला तो देव मानत होता. "मास्तर, लोक मासिकाकडं पाहून पेराले निघाले का माझ्या नांगराकडं पाहून? दोनी खोटं निघालं. आता अब्रू कोनती वाचवता?"

मास्तर खजील झाले, हे त्यांचं भलेपण म्हणायचं. कपाळाला हात लावून म्हणाले, "मीच दुसरा माणूस धाडायला हवा होता. व्याही आहात हे मला माहीत होतं." आणि लगेच गाडी जोडायला सांगितली.

अकोल्याला पोचले तेव्हा ज्येष्ठाच्या अंकाचं पान दगडावर उतरवून तयार होतं. मास्तरांनी ते घासायला लावलं. छापखानेवाला तोंडाचा आ वासून पाहत राहिला. "आपलीच चूक आपणच छापता? असं कोणी करतं का?" त्याला वाटलं मास्तरांना ऊन लागलं. मास्तरांनी मजकूर लिहिला, नत्थुजीला वाचून दाखवला. दर्यापूरकडच्या विलायती सरकीचा अनुभव खरा धरू नये. पाहणाऱ्यानं वावर पाहिलं नव्हतं, तरी पाहिलं म्हणून निशाणी केली. काळ्या जमिनीत ही सरकी पेरू नये, पेरायचीच तर आधी एकच तास, एकच ओळ पेरून पाहावं. सूर्यभान पाटलाबद्दल वाईट शब्द त्यात एकही नव्हता. सगळा दोष नत्थुजीनं आपल्यावर घेतला होता. त्याचा हिशेब सरळ होता. लोकांनी आपल्याला हवं ते म्हणावं, पण सुभद्राच्या नावाला धक्का लागू नये. ती मृगाआधी सासरी जायची होती.

पण लोक तरी असे की काय सांगावं. चावडीवर अंक वाचून झाला आणि कोणी विश्वासच ठेवेना. पहिल्यांदा छापलं तेव्हा एका दमात खरं मानलं, आता खोटं म्हणून छापलं तर शंका.

पुंजाराम उठला. "हे काई खरं वाटत नाई जी," म्हणाला. "इवाया-इवायाचं बिनसलं असन. लेकीच्या देन्याघेन्यावरून काई झालं असन, म्हून नत्थुजी आता फिरून राहिला." बाकीचे मान हलवायला लागले. दुसरा म्हणाला, "बोंडं तं तुमीच पाह्यली म्हनता. बोंडं खोटी होती का?"

"बोंडं खरी होती," नत्थुजी म्हणाला.

"मंग पीक सडलं हे तुमाले कोनं सांगतलं?"

 सांगायचं तर लेकीचं नाव घ्यायचं. सुनेनं सासऱ्याचं घर चावडीवर उघडं केलं, असं एकदा झालं की तिला त्या घराचं दार बंद. न सांगावं तर हे सगळे लोक, हा पुंजाराम, मृगात ती सरकी काळ्या मातीत टाकणार आणि श्रावणात सडकी झाडं उपटत बसणार. घरची सरकी तर म्हशींच्या पोटात गेली.  "माझ्यावर भरोसा ठेवा बाप्पा," एवढंच तो कसंबसं म्हणाला. आणि लोक हसले. नत्थुजीला लोक हसले, असं वलगावनं आजवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पाराखालून बाईचा आवाज आला. "मीनं सांगतलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. सुभद्रा उभी होती, डोक्यावर पदर, पण मान ताठ. मागं मनकर्णाबाई तिचा हात धरून मागं ओढत होती. चावडीसमोर बायका कधी उभ्या राहत नसत. पटवाऱ्याच्या हातातला अंक खाली पडला तरी त्यानं उचलला नाही.

"नदीपल्याडची पऱ्हाटी सडली. मीनं पाह्यली. ती बोंडं आमच्या परसातली होती, त्याले पानी मीनं घातलं. यंदा मामाजीनं स्वतःच्या वावरासाठी देशी सरकी काढून ठेवली हाये. पेराची असन तं पेरा बाप्पा, मंग म्हनू नका कोनी सांगतलं नाई."

 सगळ्या मुलखाला विलायती पेरा म्हणणारा पाटील स्वतः देशी पेरणार होता. हे नत्थुजीलाही माहीत नव्हतं. तो लेकीकडं पाहतच राहिला. पुंजाराम उठला आणि घराकडं पळाला, म्हशींपुढचं आंबोण काढायला.

"पोरी, सासरचं असं चावडीत बोलाव काय?" एक म्हातारा पुटपुटला.  सुभद्रा वळून घरी गेली.

वलगावनं त्या वर्षी घरचीच सरकी पेरली. दर्यापूरकडं काही गावांत नवा अंक पोचलाच नाही, किंवा पोचला आणि कोणी वाचला नाही. तिथल्या लोकांनी विलायती पेरली आणि श्रावणात वावरं मोडली. साहेबाचा फेटा सूर्यभान पाटलाला मिळाला नाही, पण त्यानं कोणापुढं मानही खाली घातली नाही. त्यानं न्हाव्याच्या हाती निरोप धाडला. पोरीला तिकडंच ठेवा. बापानं छापलं, पोरीनं चावडीवर वाजवलं, आता दोघांनी एकमेकांना सांभाळावं.

नत्थुजी दोनदा दर्यापूरला गेला. दोन्ही वेळा ओट्यावरूनच परत आला; घोंगडी कोणी अंथरली नाही. जावई चंद्रभान अमरावतीच्या कापूसबाजारात एकदा समोर आला. भला मुलगा, पण बापापुढं गोगलगाय. नत्थुजीला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो गाडीच्या आडोशानं निघून गेला. तुळशीची लग्नं लागल्यावर त्याचं दुसरं लग्न झालं.

केशवरावांनी नियमात पुढं भर घातली, की पाहणारा सांगणाऱ्याच्या नात्यागोत्यातला नसावा. चांगलं केलं. आधी केलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं. नत्थुजीला ते पुन्हा पाहणीला बोलवायचे, आणि तो जायचाही. वावर कितीही लांब असो, चिखल असो, काटे असोत, मधोमध जाऊन बसायचा. लोकांचा विश्वास हळूहळू परत आला. त्याला मात्र त्याची लाज वाटायची.

एकदा निंदणीच्या वेळी बाप-लेक शेजारशेजारच्या तासांत होते. नत्थुजीनं खुरपं थांबवलं आणि कधीपासूनचं मनात अडकलेलं बोलून टाकलं. "सुभद्रे, तुझं घर मीनं मोडलं. चावडीवर तू आली नसती तं वाचलं असतं. काहून आली तू?"

सुभद्रानं तण झटकलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते नत्थुजीला जास्त लागलं.

"बाबा, मी वावर पाह्यलं होतं म्हून आली. तुमी त्या दिवशी पाह्यलं असतं तं मले बोला लागलं नसतं."

 नत्थुजीनं पुन्हा खुरपं चालवायला घेतलं, आणि तास संपेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.